विधी गांभीर्याने पार पडला

"तायडेबाई, तुम्ही इकडे कुठे?"

मागून आवाज आला आणि माझ्या हातातली पिशवी पडता पडता राहिली. करजखेडच्या स्टँडवर, वरुडच्या गाडीच्या रांगेत, माझ्या अगदी पाठीशी आमचे पाळक उभे होते. रेव्हरंड शमुवेल सोनोने. ज्यांच्यावर नजर ठेवायला मी निघाले होते, तेच.

"वरुडला," मी म्हटलं. "बहिणीकडे. तिला बरं नाही."

मला वरुडला बहीण नाही. मला बहीणच नाही, चार भाऊ आहेत. मिशनच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून, आणि इतक्या वर्षांत खोटं बोलण्याचा सराव काही झाला नव्हता. कान तापले.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मीपण वरुडलाच. एका आजारी माणसासाठी प्रार्थना करायची आहे."

"अरेरे. काय होतंय त्यांना?"

"पोट," ते म्हणाले. "आणि तुमच्या बहिणीला?"

"गुडघे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

गाडी आली. जागा मिळाली ती नेमकी शेजारीशेजारी. पाळकसाहेबांनी एक पत्र्याची पेटी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. कंडक्टर म्हणाला, "साहेब, वर ठेवा ना," तर ते म्हणाले, "नको, पवित्र शास्त्र आहे." एवढ्या मोठ्या पेटीत कुठलं पवित्र शास्त्र, असं मी विचारायला हवं होतं. पण माझ्या बहिणीचे दोन्ही गुडघे मध्ये आले. दीड तास आम्ही खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या बागा बघत बसलो. मधून ते म्हणायचे, "यंदा बहार चांगला आहे," आणि मी म्हणायची, "हो, चांगला आहे."

मी का निघाले होते ते सांगते. आदल्या रविवारी उपासना संपल्यावर पंचमंडळ बसलं. आमचं करजखेडचं बाप्टिस्ट चर्च लहान, सत्तर-ऐंशी घरांचं. अध्यक्ष होते बोअज खंडारे, जंगलखात्यातून निवृत्त झालेले रेंजर. मी सेक्रेटरी. खंडारेसाहेबांनी कोटाच्या खिशातून एक घडी केलेली जाहिरात काढली आणि टेबलावर पसरली. वरुडला संत्रा बागायतदारांचा मेळावा. दुपारी तीन वाजता करमणूक, 'शंकरभाऊ वऱ्हाडकर यांचा हास्यदरबार'. खाली फोटो. फेटा, जाड मिशी, हसरं तोंड.

"ओळखा," खंडारेसाहेब म्हणाले.

"कोण आहे?" मी विचारलं.

"आपले पाळक."

"काहीतरीच! त्यांना मिशी कुठे आहे?"

"मिशी कुणालाही लावता येते, बाई. पुढच्या दोन दातांतली ही फट कुठून लावणार? मी तीस वर्षं मेळघाटात ठशांवरून वाघ ओळखले आहेत. हा दात मी ओळखणार नाही?"

सगळे वाकून बघायला लागले. फट आमच्याच पाळकांची होती.

"ज्या तोंडानं प्रभुभोजनाचा आशीर्वाद द्यायचा, त्याच तोंडानं खोट्या नावानं बाष्कळपणा करायचा?" खंडारेसाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पण ऐकीव गोष्टीवर कुणाला शिक्षा द्यायची नाही. कुणीतरी डोळ्यांनी बघून या, लिहून आणा, मग ठरवू. बाई जातील."

"मीच का?"

"कारण तुम्ही हसत नाही. हसलेल्या माणसाची साक्ष काय कामाची?"

मी हसत नाही हे खरं होतं. पण त्याचं कारण कुणाला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांची असताना मी ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहात होते. एकदा जेवताना मैत्रिणीच्या कुठल्याशा बोलण्यावर मी मोठ्यानं हसले. माझं हसणं निराळं आहे. आधी श्वास आत ओढला जातो, मग नाकातून आवाज येतो, मग पुन्हा श्वास. सुपरिटेंडेंट बाईंनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "गाढव आत कुणी आणलं?" सगळं भोजनगृह हसलं. त्यानंतर मी कधी हसले नाही. शाळेत त्याचा फायदाच झाला. मुली घाबरून असत.

वरुडला उतरल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "चला, बहिणीच्या घरापर्यंत सोडतो."

"नको, नको. मेहुणे येणार आहेत घ्यायला."

"मग मी निघतो. तो माणूस वाट बघत असेल."

ते उजवीकडे गेले. मी उगाच डावीकडे पोस्टापर्यंत गेले, तिथे एका बाकावर डबा खाल्ला आणि पावणेतीनला मार्केट यार्डाच्या मांडवाशी आले. हजारभर माणूस असेल. बायकांची बाजू वेगळी होती. मी सगळ्यात मागची खुर्ची पकडली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, वही-पेन्सिल काढली. एवढ्यात बिल्ला लावलेले एक कास्तकार आले.

"मावशी, मागं काऊन बसल्या? तुमच्यासारख्या बुजुर्ग माणसानं समोर बसावं. चाला."

"मी इथे बरी आहे."

"असं कसं! आयकू येनार नाही तुमाले."

त्यांनी आणखी एकाला बोलावलं, दोघांनी माझी खुर्ची उचलली, मला हाताला धरलं आणि पहिल्या रांगेत, स्टेजपासून आठ हातांवर नेऊन बसवलं. मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

तीन वाजता ते आले. धोतर, फेटा, मिशी. खांद्यावर उपरणं. चाल वेगळी, मान वेगळी. आमच्या चर्चमध्ये ते व्यासपीठाच्या दोन्ही कडा धरून उभे राहत, जणू कुणी ते ओढून नेणार आहे. इथे हात मोकळे होते. माइकसमोर येऊन ते काहीच बोलले नाहीत. नुसते लोकांकडे बघत राहिले, एखाद्या घरी पाहुणा बघतो तसे. आणि लोक हसायलाच लागले.

"राजेहो," ते म्हणाले, "कृषी अधिकारी साहेब आत्ता सांगून गेले, झाडाले ताण द्या. पानी तोडा. ताण देल्ला का बहार येते. म्या म्हनलं साहेब, हे काही खरं नाही. आमच्या मास्तरनं मले सात वर्ष ताण देल्ला. उन्हात अंगठे धरून उभं केलं, पानी नाही, पेंड नाही. एक फूल नाही आलं!"

हशानं मांडव दणाणला. मी वहीत लिहिलं: 'शिक्षकांविषयी अनुदार उद्गार.'

मग संत्र्यावर आले. "संत्र्याचं अन घराचं एकच हाय. चार भाऊ म्हंजे चार फोडी. ज्याची त्याची फोड अलग, ज्याची त्याची बी अलग. मंग एका जागी काऊन राह्यते? तं वरतून साल हाय म्हनून. साल म्हंजे बुढी माय. थे हाय तवरक संत्रा, थे गेली का फोडी." लोक हसले, आणि हसता हसता मागे कुठेतरी एक म्हातारा "खरं हाय बाप्पा" असं मोठ्यानं म्हणाला. माझे चार भाऊ मला आठवले. आई गेल्यापासून एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. पेन्सिल तशीच राहिली.

अर्धा तास असा गेला. मग एका गोष्टीच्या मध्यावर त्यांची नजर पहिल्या रांगेवरून फिरली, माझ्यावरून पुढे गेली आणि परत आली.

ते थांबले. वाक्य अर्धवट राहिलं. मांडव आधी हसला, लोकांना वाटलं हाही डावच आहे. मग हळूहळू गप्प झाला.

"काय झालं भाऊ, लाईन गेली का?" कुणीतरी ओरडलं.

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता आत निघून जातील. मग त्यांनी हात वर केला, मिशीचं एक टोक धरलं आणि सोलून काढावी तशी मिशी काढली, घडी घातली, खिशात ठेवली.

"राजेहो, मिशी खोटी हाय. नावही खोटं हाय. म्या शंकरभाऊ नाही. म्या शमुवेल सोनोने, करजखेडच्या बाप्टिस्ट चर्चचा पाळक. अन ह्या समोर बसल्या थ्या आमच्या सेक्रेटरीबाई. सकाळी आम्ही एकाच गाडीनं आलो. थ्या बहिनीचे गुडघे पाहाले निघाल्या होत्या, म्या एका मानसाचं पोट पाहाले. आता दोघंही पेशंट सोडून इथं काय करून राह्यलो, थे देवालेच माहीत!"

मांडवभर हशा. हजार माणसं मान उंचावून मला बघत होती. मी पदर सोडून दिला. आता लपवायला काय उरलं होतं?

"पकडल्या गेलो," ते म्हणाले, "तं आता खरंच सांगतो. आमच्यात बाप्तिस्मा म्हंजे कपाळावर पानी शिंपडनं नाही. मोठ्या, समजत्या मानसाले पुरं बुडवा लागते. मांगं आडवं करून, पाठीवर, पुरा पान्याखाली. आमच्या चर्चमंधी थ्याच्यासाठी सिमेंटचा हौद हाय. अन तीन सालाआधी, जानेवारीत, माह्या हाती आला गुलाब पैलवान."

हे ते सांगणार नाहीत असं मला वाटत होतं.

"वजन शंभर अन वर दहा. आमाले पुस्तकातून शिकवलं होतं, पान्यात मानूस आपोआप हलका होते. ज्यानं पुस्तक लिहिलं थ्यानं गुलाबले पाह्यलं नव्हतं. म्या एक हात पाठीमांगं ठेवला, एक छातीवर. म्हनलं, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं... अन मांगं ढकललं. आता राजेहो, पैलवानाची पाठ टेकली म्हंजे काय होते?"

"कुस्ती हारला!" मांडव एका आवाजात म्हणाला.

"हारला! वीस वर्ष ज्यानं पाठ टेकू देल्ली नाही, थ्याची पाठ म्या टेकवाले निघालो. गुलाबचं मन तयार होतं, पन गुलाबचं आंग कुठं तयार होतं? थ्याच्या आंगानं मले धोबीपछाड मारला. म्या डोक्यावरून गेलो अन हौदाच्या दुसऱ्या टोकाले पडलो. पयला बाप्तिस्मा माहाच झाला!"

लोक खुर्च्यांवर आपटत होते. मी ओठ दाताखाली धरले. कारण ते खरं होतं. शब्दन् शब्द. मी त्या दिवशी पहिल्या बाकावर होते.

"वर आलो. गुलाब रडकुंडीले आलेला. म्हने, पाळकसाहेब, चुकलं, पुन्हा करा. पुन्हा केलं. थ्यानं ढाक लावली. आमचे अध्यक्ष खंडारेसाहेब खिडकी उघडाची काठी घेऊन मले हुडकून राह्यले. तिसऱ्या खेपेले गुलाब म्हनते, साहेब, तुमी डाव सांगत नाही अन मांगून ढकलता! मंग म्या थ्याच्या कानाशी गेलो. म्हनलं, गुलाबभाऊ, हे कुस्तीच हाय. पन समोर म्या नाही, परमेश्वर हाय. थ्याच्यासमोर हारलं तं चालते."

इथे ते थांबले.

"थ्यानं डोळे लावले. अन येवढा डोंगरायेवढा मानूस माह्या हातावर असा आडवा झाला, जसं लेकरू मायच्या हातावर होते. काही वजन नव्हतं, राजेहो. काहीच नव्हतं."

मांडव शांत झाला. शेजारच्या बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. मीही पाहत राहिले. त्या दिवशी कानात काय सांगितलं होतं ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि चर्चमधल्या त्यांच्या कोरड्या, शुद्ध आवाजात म्हणाले, "आणि आमच्या सेक्रेटरीबाईंनी इतिवृत्तात एकच वाक्य लिहिलं. 'विधी गांभीर्याने पार पडला.'"

मी खरंच तसं लिहिलं होतं.

श्वास आत ओढला गेला. मी तोंड दाबलं. पण तीन वर्षं दाबलेलं, आणि त्याआधीची चाळीस वर्षं, ते सगळं नाकावाटे बाहेर आलं. सुपरिटेंडेंट बाईंनी ऐकला होता तोच आवाज, आता वयानं आणखी खणखणीत झालेला. हजार माणसं क्षणभर दचकली. मग हसायला लागली, आणि त्यांच्या हसण्यानं मला आणखी हसू आलं. शेजारची अनोळखी बाई माझ्या पाठीवर थापा मारत होती आणि स्वतःच गदगदत होती. पाळकसाहेब स्टेजवर तोंड उघडं टाकून उभे होते. बारा वर्षांत त्यांनी मला हसताना पहिल्यांदा पाहिलं होतं. माझी वही कुठे पडली ते मला कळलं नाही.

साडेपाचच्या गाडीला आम्ही पुन्हा शेजारी बसलो. उजेड अजून चांगला होता. पेटी या वेळी त्यांनी पायाशी ठेवली.

गाडी गावाबाहेर पडल्यावर ते म्हणाले, "बहिणीला बरं आहे का?"

"पूर्ण बरं आहे," मी म्हटलं. "तुमच्या पेशंटचं पोट?"

"उतार आहे."

आम्ही दोघंही हसलो. मग ते गंभीर झाले. "दोन वर्षं चाललंय. एका मित्राच्या मुलीच्या लग्नात सहज बोलायला उभा राहिलो, तिथून लोक बोलवायला लागले. घरी मार्थाला माहीत आहे. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. लपवलं ते चुकलं, बाई. तुम्ही तसं लिहा."

"लिहीन. पण एक विचारते. तिकडे स्टेजवर तुम्ही थरथरत नव्हता. चर्चमध्ये व्यासपीठ धरून उभे असता. का?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रविवारी उपदेशाला उभं राहण्याआधी मी रात्रभर प्रार्थना करतो, प्रभू, शब्द दे. इथे मागावे लागत नाहीत. ते आधीच येऊन बसलेले असतात." मग म्हणाले, "आईला लग्नानंतर वीस वर्षं मूल नव्हतं. तिनं नवस केला, मुलगा झाला तर देवाला देईन. बायबलातल्या शमुवेललाही त्याच्या आईनं असंच देवाला दिलं होतं, म्हणून माझं नाव शमुवेल. पाळक होशील का, हे मला कुणी विचारलंच नाही. मीही स्वतःला विचारलं नाही."

मला त्यांचा पहिला रविवार आठवला. बारा वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले आणि पहिला उपदेश त्यांनी असाच केला होता, आपल्या वऱ्हाडीत, हात मोकळे सोडून. लोक पुढे सरकून ऐकत होते. उपासना संपल्यावर पायऱ्यांवर मी त्यांना थांबवलं होतं. म्हटलं होतं, "पाळकसाहेब, 'मले-तुले' बाजारात ठीक आहे. व्यासपीठावरून शुद्ध भाषा हवी." ते तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. "बरं बाई," म्हणाले होते. पुढच्या रविवारपासून ते व्यासपीठ धरून बोलायला लागले.

"ते मीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "भाषेचं."

"तुम्ही वाईट हेतूनं नव्हतं सांगितलं."

"हेतूचं राहू द्या. मी तुमचे बारा वर्षांचे उपदेश वहीत उतरवून घेतले आहेत. एकोणीस वह्या झाल्या. खरं सांगू? त्यातला एकही माझ्या लक्षात नाही. आज मी एकच ओळ लिहिली, आणि सगळं लक्षात आहे. पैलवानाच्या कानात तुम्ही काय सांगितलं ते मरेपर्यंत लक्षात राहील."

बोलून गेले आणि मग वाटलं, माणसाच्या बारा वर्षांच्या कामाविषयी असं कुणी बोलतं का? करजखेडची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "बाई, हे कुणीतरी मला सांगावं म्हणून मी किती वर्षं वाट बघत होतो."

शनिवारी दुपारी पंचमंडळ बसलं. पाळकसाहेबही होते. मी अहवाल वाचला. पाळकांनी खोटं नाव घेतलं, हे लिहिलं. पाळक आणि सेक्रेटरी दोघंही गाडीत खोटं बोलले, हे लिहिलं. कार्यक्रमात एकही अश्लील शब्द नव्हता, हे लिहिलं. सेक्रेटरी हसली, हेही लिहिलं. शेवटी तीन वर्षांपूर्वीच्या इतिवृत्ताची दुरुस्ती मांडली: 'विधी गांभीर्याने पार पडला' हे वाक्य खोटे असून ते रद्द समजावे.

खंडारेसाहेबांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. "काठीचंपण सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"काठी खिडकीची होती म्हणून सांगितलं?"

"हो."

त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला आणि खोकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "पाळकसाहेब, ते स्टेज सोडा. इथे तुम्हाला हवं तसं बोला, वऱ्हाडीत बोला, आमची हरकत नाही. आम्हाला तुम्ही हवे आहात."

पाळकसाहेब उभे राहिले. "साहेब, तुमचे उपकार आहेत. पण उपदेश ऐकता ऐकता लोकांना हसू आलं तर चालतं. हसायचं म्हणून उपदेशाला आले तर चालत नाही. मी आता इथे उभा राहिलो तर लोक पैलवानाचीच वाट बघतील." त्यांनी खिशातून राजीनामा काढला. "मी देवाला सोडत नाही, चर्चच्या मंडळीला सोडत नाही. रविवारी येऊन बाकावर बसेन. फक्त व्यासपीठ सोडतो."

पुढचं आधीच सांगून टाकते. चर्चचं घर त्यांना सोडावं लागलं. त्यांच्या पत्नी मार्था वहिनी दवाखान्यात नर्स होत्या, त्यांना दोन खोल्या मिळाल्या, तिथे ते राहिले. पहिली दोन वर्षं ओढाताणीची गेली. लोक म्हणत, पाळकाचा सोंगाड्या झाला. पण त्यांनी पुन्हा मिशी लावली नाही आणि दुसरं नावही घेतलं नाही. 'शमुवेल सोनोने, माजी पाळक' असंच जाहिरातीत छापून येई. अमरावती, अकोला, यवतमाळ, पार बैतूलपर्यंत ते फिरले. गोष्टी सांगताना मध्येच मांडव शांत करायचे आणि पुन्हा हसवायचे. लोक घरी जाऊन भावांना पत्रं लिहीत, असं मला अनेकांनी सांगितलं. मीही दोन लिहिली. आज या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली आणि ते अजून कार्यक्रम करतात.

पण राजीनामा दिला त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. सगळे निघून गेल्यावर ते मागे राहिले.

"बाई, एक काम राहिलं. आईला सांगायचं."

"मग सांगा."

"माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्ही सोबत याल?"

मंगळवारी आम्ही धामणखेडला गेलो. टिनाच्या छपराचं दोन खोल्यांचं घर. बायजाबाई अंगणात बसून लाल मिरच्यांची देठं खुडत होत्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, डोळ्यांनी जवळजवळ आंधळ्या. आम्ही पोचताच दोघांनाही शिंका लागल्या.

पाळकसाहेबांनी आधी पावसाची चौकशी केली. मग शेळीची. मग शेजारच्या घरातल्या सगळ्यांची. हजार माणसांसमोर ज्यांची जीभ अडखळली नाही, ते आईसमोर शेळीच्या पुढे जाईनात. शेवटी माझ्याकडे बघायला लागले.

"बायजाबाई," मी सुरुवात केली, "आपल्या चिरंजीवांनी पाळकपदाचा राजीनामा दिला आहे."

"काय देल्लं?"

"राजीनामा. म्हणजे पदत्याग."

बायजाबाईंनी मान हलवली. काही समजलं नव्हतं. मी त्यांच्या जवळ सरकले. माझ्या आजीच्या तोंडची, आणि मी शेकडो मुलींच्या तोंडातून खोडून काढलेली भाषा तेव्हा मला सापडेना. शोधून शोधून काढली.

"माय, थ्यानं पाळकपन सोडलं. आता थो गावोगाव लोकायले हासवत फिरन. तुमचा नवस मोडला, म्हनून थो तुमाले भेऊन राह्यला."

बायजाबाईंचे हात थांबले. मग मुलगा बसला होता तिकडे त्यांनी तोंड केलं.

"शमू, म्या देवाले पोरगं देल्लं होतं. खुर्ची नव्हती देल्ली. पोरगं थ्याचं हाय, कुठी बसवाचं थे थो पायीन." त्या पुन्हा देठं खुडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लोक हासतेत का पन?"

"हासतेत, माय," ते म्हणाले.

"मंग ऊठ. हात धू अन जेवून घे. उपाशी मानसाच्यानं कोनाले हासवनं होत नाही."